करमत नाही : परदेशी गेलेल्या आप्तांसाठी ऑनलाइन मानसिक समुपदेशन



काही काळापूर्वी रविवारची मिस्सा आटोपल्यावर पेणच्या एका मावशींनी आम्हांला बाजूला घेतले. त्यांचा मुलगा रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत काही वर्षे काम करून कुवेतला गेलेला. दर शुक्रवारी त्याचा व्हिडिओ कॉल येत असे. मावशी म्हणाल्या, "फादर, तो मजेत आहे म्हणतो. पण गेले दोन महिने कॅमेरा लावीत नाही. नेट बरोबर नाही म्हणतो. नेट फक्त माझ्याशी बोलतानाच कसे बिघडते?"

आम्ही त्याला फोन केला. पगार वेळेवर होतो, जेवण बरे आहे, साहेब चांगला आहे, असे सांगून झाल्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "फादर, करमत नाही." आम्ही त्याला धीर दिला, रोज प्रार्थना करण्यास सांगितले, सुट्टीला आता सहाच महिने उरले आहेत याची आठवण करून दिली आणि समाधानाने फोन ठेवला. ते उत्तर चुकीचे नव्हते. पण अपुरे होते. त्याला कित्येक आठवडे धड झोप नव्हती, अंगावरचे वजन उतरले होते, आणि 'मी नसलो तरी घरच्यांचे चालेल' असे तो खोलीतल्या सोबत्याला दोनदा बोलून गेला होता. हे आम्हांला कळले ते पंधरा दिवसांनी, आणि तेही त्या सोबत्याकडून. नंतर एका मराठी बोलणाऱ्या समुपदेशकाशी फोनवरून त्याच्या भेटी सुरू झाल्या. (कुटुंबाच्या संमतीने हे लिहीत आहोत, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

त्या पंधरा दिवसांची टोचणी हेच हा लेख लिहिण्याचे कारण. 'ऑनलाइन समुपदेशन' हा शब्द आता सर्वांच्या कानांवरून गेला आहे. परंतु ते नेमके काय असते, कोणाकडून घ्यावे, कोठे थांबावे, याविषयी आमच्याच धर्मग्रामांत बराच गोंधळ असल्याचे आढळते.

रायगडातून बाहेर पडलेले लोक

परदेश हा आपल्या जिल्ह्याला नवा नाही. पेणच्या कारखान्यांतून गणेशमूर्ती खोक्यांत भरून उत्सवाच्या कितीतरी महिने आधी अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलियाकडे रवाना होतात, त्या तिकडे स्थायिक झालेल्या मराठी माणसांसाठीच. रोहा, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन या भागांतील कोकणी मुसलमान कुटुंबांत आखाती देशांतील नोकरी आता पिढीजात झाली आहे. किनाऱ्यावरच्या गावांतील तरुण जहाजांवर जातात. आपली ख्रिस्ती कुटुंबे या परिसरात मोजकीच. पण त्यांच्यातही एखादा मुलगा दोहा, मस्कत किंवा दुबईत नाही असे घर शोधावे लागेल. आखातातील सहा देशांत मिळून ९० लाखांच्या आसपास भारतीय राहतात.

परंतु 'परदेशी गेलेल्या माणसाचे मन' या विषयावर पेण आणि रोह्याकडे सांगण्यासारखी सर्वांत जुनी गोष्ट आहे ती बेने इस्रायल समाजाची. शतकानुशतके कोकणात राहिलेला, तेलाचे घाणे चालविणारा आणि शनिवारी काम बंद ठेवतो म्हणून 'शनवार तेली' म्हटला गेलेला हा ज्यू समाज मराठी बोलत असे. आडनावेही गावांवरून, पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर अशी. पेणला आणि रोह्याशेजारच्या अष्टमीला त्यांची सिनेगॉग आहेत. १९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र झाले तेव्हा या समाजाची भारतातील संख्या २० हजारांच्या आसपास होती. पुढच्या दोन-तीन दशकांत त्यातील बहुतेक लोक तिकडे गेले.

ते निर्वासित म्हणून गेले नव्हते, तर आपल्या धर्माच्या भूमीत, आनंदाने गेले होते. तरीही १९५१ साली बिरशेबा शहरातील काही बेने इस्रायल कुटुंबांनी 'आम्हांला भारतात परत पाठवा' म्हणून धरणे धरले. रंगावरून होणारा भेदभाव, मनासारखे काम न मिळणे, भाषा, हवा, जेवण अशी त्यांची गाऱ्हाणी होती. १९५२ मध्ये त्यांतील काहीजण खरोखरच मुंबईला परतले. आणि परतल्यावर काय झाले? त्यांच्यातल्याच अनेकांनी 'आम्हांला पुन्हा इस्रायलला जाऊ द्या' असा अर्ज केला! त्या काळी अनेकांनी याची चेष्टा केली असेल. आम्हांला त्यात चेष्टेसारखे काही दिसत नाही. परदेशी गेलेला माणूस ज्या गावासाठी झुरतो ते गाव त्याच्या आठवणीतले असते. परत आल्यावर त्याला भेटते ते निराळेच गाव, आणि स्वतःही तो निराळा झालेला असतो. पुढे १९६० च्या दशकात, विवाहाच्या वेळी त्यांच्या ज्यू असण्याविषयीच शंका घेतली गेली; मोठ्या आंदोलनानंतर १९६४ मध्ये तो प्रश्न शासनस्तरावर निकालात निघाला. या साऱ्या काळात त्या माणसांना आपल्या भाषेत मन मोकळे करण्यासाठी एकमेकांखेरीज कोणीही नव्हते. त्यांनी तिकडे मराठी टिकवली, 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले, यामागे केवळ भाषाप्रेम होते असे आम्हांला वाटत नाही.

मनाचे काय होते?

घराच्या ओढीने माणूस आजारी पडतो हे युरोपातील वैद्यांनी फार पूर्वी नोंदवून ठेवले आहे. योहान्नेस होफर या तरुण वैद्याने १६८८ मध्ये बाझल येथे लिहिलेल्या प्रबंधात, गावापासून दूर राहिलेल्या स्विस लोकांच्या या अवस्थेला 'नॉस्टॅल्जिया' हे नाव दिले. तेव्हा तो चक्क रोग मानला जाई. १९५४ मध्ये कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने ब्राझीलमध्ये दिलेल्या व्याख्यानात परक्या संस्कृतीत पडलेल्या माणसाच्या गोंधळाचे टप्पे मांडले. आरंभी सारेच नवलाईचे वाटते. उंच इमारती, स्वच्छ रस्ते, पहिला पगार. मग केव्हातरी चिडचिड सुरू होते. तेथील माणसे, अन्न, नियम, सारेच खुपू लागते. त्यानंतर हळूहळू भाषा कानांत बसते, ओळखी होतात, आणि माणूस सावरतो. सर्वांचेच असे क्रमाने होते असे नाही. काहींची नवलाई विमानतळावरच संपते, आणि काही दहा वर्षांनंतर कोलमडतात. परंतु दुसरा टप्पा येणे हा दुबळेपणा नव्हे, तो अनेकांना येतो, एवढे जरी जाणाऱ्याला आधी माहीत असले तरी तो स्वतःला दोष देत बसत नाही.

आपला माणूस 'मी निराश आहे' असे क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, डोके जड होते, छातीत धडधडते, जेवण जात नाही, पोट साफ होत नाही. मग तो कंपनीच्या दवाखान्यात जातो, रक्त तपासतात, सर्व ठीक निघते. 'करमत नाही' हा शब्द तर दुसऱ्या भाषेत नेताच येत नाही. त्यात कंटाळा आहे, एकटेपणा आहे, कशातच जीव न लागणे आहे. इंग्रजी किंवा अरबी बोलणाऱ्या डॉक्टरांसमोर रोह्याचा मुलगा त्यातले काय सांगणार? म्हणूनच आमच्या मते ऑनलाइन समुपदेशनाचा सर्वांत मोठा लाभ स्वस्ताई किंवा सोय हा नसून भाषा हा आहे. पुण्याच्या किंवा ठाण्याच्या खोलीत बसलेली समुपदेशक ताई 'करमत नाही' ऐकल्यावर पुढचा प्रश्न बरोबर विचारते.

येथे एक भेद करणे अगत्याचे आहे. प्रत्येक उदासी हा मनाचा आजार नसतो. पासपोर्ट मालकाने काढून घेतला आहे, चार महिने पगार नाही, कबूल केलेले काम एक आणि प्रत्यक्षात दुसरेच, अशा माणसाला दीर्घ श्वास घेण्याचे धडे देणे ही क्रूर थट्टा होय. त्याने आधी भारतीय दूतावासाकडे धाव घ्यावी. परदेशस्थ भारतीयांच्या तक्रारींसाठी परराष्ट्र मंत्रालयाने २०१५ मध्ये 'मदद' हे संकेतस्थळ सुरू केले. अडचणीत सापडलेल्यांच्या साहाय्यासाठी दूतावासांकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. चांगला समुपदेशक हे स्वतःहून सांगतो. जो सांगत नाही, त्याच्याविषयी सावध असावे.

दूरवरून दिला जाणारा आधार

समोरासमोर न बसता मन मोकळे करणे ही संगणकयुगाची निर्मिती नाही. १९५३ मध्ये लंडनमधील चॅड वाराह या अँग्लिकन धर्मगुरूंनी आत्महत्येच्या विचारात असलेल्यांनी फोन करावा म्हणून आपल्या चर्चमध्ये एक दूरध्वनी क्रमांक सुरू केला. त्यातूनच 'समॅरिटन्स' ही संस्था उभी राहिली. वाराह यांचा एक अनुभव आम्हांला फार बोलका वाटतो. त्यांना भेटण्यासाठी लोक बाहेर थांबत. त्यांना चहा देणारे, गप्पा करणारे काही स्वयंसेवक होते. हळूहळू वाराह यांच्या ध्यानात आले की, अनेकांना या स्वयंसेवकांशी बोलूनच बरे वाटत होते. धर्मगुरूंची गरज त्यांना उरतच नव्हती. (आम्हां धर्मगुरूंनी ही गोष्ट अधूनमधून आठवावी.)

आपल्याकडे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१२ मध्ये 'आयकॉल' ही सेवा सुरू केली. फोन, ई-मेल व चॅट यांद्वारे प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. ठाण्याची आयपीएच ही संस्था डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केली; मानसिक आरोग्याविषयी मराठीतून बोलण्याची सवय महाराष्ट्राला लावण्यात तिचा वाटा मोठा आहे. २०२० च्या करोनाकाळात दवाखाने बंद पडले आणि एरवी पडद्यावरून बोलण्यास नाखूश असलेले तज्ज्ञही फोन-व्हिडिओवर आले. सौम्य व मध्यम स्वरूपाच्या उदासीनतेसाठी व चिंतेसाठी असे उपचार समोरासमोरच्या उपचारांइतके उपयोगी ठरू शकतात, असे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे.

कोण कोणता तज्ज्ञ, हे मात्र समजून घ्यावे. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. त्याची वैद्यकीय परिषदेकडे नोंदणी असते आणि औषध लिहून देण्याचा अधिकार त्याला आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा औषध देत नाही. तपासण्या आणि बोलण्याद्वारे उपचार करतो, आणि त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. 'समुपदेशक' या पाटीचे मात्र दीर्घकाळ कोणतेही बंधन नव्हते. सहा आठवड्यांचा वर्ग केलेला आणि सहा वर्षे शिकलेला, दोघेही तीच पाटी लावीत आले. सहवैद्यकीय व्यवसायांसाठीचा २०२१ चा कायदा यातील काही व्यवसायांना नोंदणीच्या कक्षेत आणतो. तरीही शिक्षण कोठे झाले, अनुभव किती, कोणाच्या मार्गदर्शनाखाली काम करता, हे प्रश्न पहिल्याच फोनमध्ये विचारावेत. विचारल्यावर राग येणारा समुपदेशक आपल्या कामाचा नाही. 'तीन भेटींत खात्रीने बरे करतो' असे सांगणारा तर मुळीच नाही.

पहिली भेट बहुधा माहिती घेण्यात जाते. झोप, भूक, काम, घर, पूर्वीचे आजार, व्यसन, मरणाचे विचार येतात काय, हे सारे विचारले जाते. शेवटचा प्रश्न ऐकून काहीजण दचकतात; परंतु तो विचारल्याने तसे विचार मनात शिरत नाहीत, उलट ते बोलून दाखविण्याची मोकळीक मिळते. त्याच वेळी समुपदेशक तेथील पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा क्रमांक मागतो. हा आगाऊपणा नव्हे. हजारो मैल दूर असलेल्या माणसाच्या जिवाला धोका निर्माण झाला तर ठाण्यात बसलेला समुपदेशक धावून जाऊ शकत नाही. त्या शहरात दार ठोठावणारा कोणीतरी लागतो. पुढे आठवड्यातून एकदा पाऊणएक तास, असे सहसा चालते.

आता व्यवहारातल्या अडचणी. एका खोलीत सहा किंवा आठ माणसे, दुमजली खाटा. तेथे मन कोणापाशी आणि कसे मोकळे करणार? आम्ही सांगितलेला मुलगा कंपनीच्या उभ्या गाडीत बसून बोलत असे. कोणी इमारतीच्या गच्चीवर जातो, कोणी समुद्रकिनारी. ज्याला तेही शक्य नाही त्याच्यासाठी लेखी संवाद, म्हणजे चॅट किंवा ई-मेल, हा चांगला मार्ग आहे. रोमन लिपीत मराठी लिहिले तरी चालते. कंपनीने दिलेला फोन किंवा संगणक या कामासाठी वापरू नये. वेळेचेही गणित आहे. कुवेत, कतार, सौदी आपल्या अडीच तास मागे, दुबई व मस्कत दीड तास, आणि न्यू जर्सी ऋतूप्रमाणे साडेनऊ किंवा साडेदहा तास. आखातात पाळी संपवून आलेला माणूस रात्री दहाला मोकळा होतो तेव्हा येथे मध्यरात्र झालेली असते. म्हणून वेळ ठरविताना दोन्ही घड्याळे लिहून घ्यावीत. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअ‍ॅपसारख्या साधनांवरून थेट बोलण्यावर अनेक वर्षे निर्बंध राहिले आहेत. तेथे परवानगी असलेले साधन कोणते, हे पहिल्या भेटीआधीच ठरवून घ्यावे, म्हणजे अर्धा तास 'हॅलो, हॅलो' करण्यात जात नाही.

कायद्याची आणि औषधांची हद्द

भारतातील डॉक्टरांसाठी २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर झाली. परंतु भारताच्या हद्दीबाहेरील सल्ल्याचा त्यांत समावेश नाही, असे त्यांतच स्पष्ट म्हटले आहे. अमेरिकेत तर मानसोपचाराचा परवाना राज्याराज्याने मिळतो, आणि रुग्ण ज्या राज्यात बसला आहे तेथील परवाना सहसा पाहिला जातो. याचा अर्थ असा की, भारतातील समुपदेशकाशी बोलून आधार घेणे निराळे आणि भारतातील मनोविकारतज्ज्ञाने परदेशी असलेल्याचे औषध चालविणे निराळे. औषधाची गरज भासली तर ते तेथील डॉक्टरांकडूनच घ्यावे, किंवा सुट्टीवर आल्यावर येथे तपासून पुढची व्यवस्था लावावी.

या ठिकाणी एक कळकळीची सूचना. 'त्याला झोप लागत नाही, आमच्या डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्या अमक्याबरोबर पाठवितो' असे कृपया करू नका. झोपेच्या आणि चिंतेवरच्या अनेक गोळ्या, काही वेदनाशामकेसुद्धा, आखाती देशांत नियंत्रित औषधांच्या यादीत आहेत. संयुक्त अरब अमिरातीत अशी औषधे नेण्यास तेथील शासनाची पूर्वपरवानगी लागते. परवानगीशिवाय ती सापडली तर नेणाऱ्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो. आणि नेणारा बहुधा शेजाऱ्याचा भाबडा मुलगा असतो.

प्रायश्चित्त संस्कार आणि समुपदेशन

भाविक आम्हांला विचारतात, 'फादर, पापनिवेदन केले की मन हलके होते. मग समुपदेशक कशाला?' आणि याच्या उलट, 'समुपदेशन ऑनलाइन होते तर पापनिवेदनही फोनवर का नको?' दोन्ही प्रश्नांमागे एकच गोंधळ आहे. सामाजिक संपर्कासाठीच्या परमगुरुपीठीय मंडळाने २००२ मध्ये इंटरनेटविषयी प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजात हे स्पष्ट केले आहे की, संस्कार इंटरनेटवरून होऊ शकत नाहीत. संस्काराला प्रत्यक्ष उपस्थिती लागते. समुपदेशन हा संस्कार नव्हे, ते एक शास्त्र व कौशल्य आहे; ते तारेवरून जाऊ शकते. पापनिवेदनाची गुप्तता कोणत्याही कारणास्तव मोडता येत नाही. समुपदेशकाची गुप्तताही गंभीरपणे पाळावयाची असते, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला तो हक्क दिला आहे. मात्र जिवाला धोका असल्यास ती मर्यादित प्रमाणात बाजूला ठेवता येते. आणि ज्याचा मेंदू आठ आठवडे झोपेविना थकला आहे त्याला 'तुझी श्रद्धा कमी पडते' असे सांगणे हे केवळ अज्ञान नाही, तो अन्याय आहे. आम्ही स्वतः त्याच्या अगदी जवळ पोहोचलो होतो.

याउलट, तेथील ख्रिस्तसभेचा आधारही कमी लेखू नये. स्थलांतरितांच्या सेवेविषयी व्हॅटिकनने मे २००४ मध्ये काढलेल्या सूचनापत्रात त्यांच्या स्वतःच्या भाषेत सेवा मिळण्यावर भर दिला आहे. कुवेत, दुबई, अबू धाबी, दोहा, मस्कत, बाहरिन येथे आपली चर्चेस आहेत; आखातात अनेक ठिकाणी शुक्रवारच्या मिस्सेला मोठी गर्दी लोटते. समुपदेशक आठवड्यातून पाऊण तास असतो. उरलेल्या वेळात 'जेवलास का?' असे विचारणारी चार माणसे तेथेच मिळू शकतात. मावशींचा मुलगा तिकडे गेल्यापासून एकदाही चर्चला गेला नव्हता, कारण गाडीचा खर्च. तो प्रश्न समुपदेशकानेच त्याच्याबरोबर बसून सोडविला.

तातडीच्या वेळी

भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, 'टेलिमानस' ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते. परंतु असे छोटे क्रमांक देशाबाहेरून सहसा लागत नाहीत; म्हणून परदेशी असलेल्याने तेथील क्रमांक आधीच टिपून ठेवावा. अमेरिका व कॅनडात ९८८, इंग्लंडात समॅरिटन्सचा ११६ १२३, इस्रायलमध्ये १२०१, ऑस्ट्रेलियात १३ ११ १४. आखातात अशा वेळी जवळच्या रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग आणि दूतावासाचा चोवीस तासांचा क्रमांक ही पहिली दारे होत. ज्याच्या मनात मरणाचे विचार पक्के होत आहेत, ज्याला नसलेले आवाज ऐकू येतात, जो दारूखेरीज राहू शकत नाही, त्याच्यासाठी पडद्यावरचे समुपदेशन पुरेसे नाही. त्याला प्रत्यक्ष डॉक्टर हवा, आणि पुष्कळदा घरी परतणे हवे.

टेलिमानसचा क्रमांक मात्र पेण-रोह्यात राहणाऱ्यांनी स्वतःसाठी लिहून ठेवावा. कारण जो जातो त्याच्याविषयी आपण बोलतो. मागे राहणाऱ्यांचे काय? लग्न होऊन महिन्याभरात नवरा परत गेलेली सून, दोन वर्षांनी वडिलांना पाहणारे मूल, रात्री दुखू लागले तर कोणाला उठवावे हे न कळणारे म्हातारे आईवडील. पैसे येतात, घराला स्लॅब पडतो, आणि 'आता तुम्हांला काय कमी?' असे शेजारी म्हणतात. एकाच वेळी नवरा मस्कतहून, बायको रोह्याहून आणि समुपदेशक तिसऱ्या गावाहून, अशी तिघांची भेटही पडद्यावर घेता येते. जोडप्यांसाठी तिचा उपयोग होतो. घरच्यांनी एवढे तरी करावे: फोनवर पहिली पाच मिनिटे पैशांविषयी बोलू नये.

मावशींच्या मुलाच्या भेटी अजून चालू आहेत, आता पंधरा दिवसांतून एकदा. तो कॅमेरा लावतो. मे महिन्यात तो सुट्टीला येणार आहे. बेने इस्रायलांची ती परतण्याची गोष्ट आम्ही त्याला सांगितली तेव्हा तो म्हणाला, 'फादर, मलाही परत येण्याचीच भीती जास्त वाटते.' समुपदेशकाने घरच्यांना एकच विनंती केली आहे की, पहिले पंधरा दिवस त्याच्यासाठी काहीही ठरवू नये; पाहुणे नाहीत, नवस नाहीत, मुलगी पाहण्याचे कार्यक्रम नाहीत. मावशींनी मान्य केले. एक स्थळ आधीच ठरले होते, ते त्यांनी जूनवर ढकलले आहे.